लवादाच्या पत्राला साक्षीदार दाद देत नाही, तेव्हा काय करायचं?

प्रश्न सांगलीच्या एका बांधकाम ठेकेदारांचा आहे. पुण्यात एका विकासकासाठी त्यांनी दोन इमारतींचं आरसीसीचं काम केलं आणि शेवटची दोन आरए बिलं (काम पुढे जाईल तशी टप्प्याटप्प्याने दिली जाणारी बिलं) अडकली. करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पक्षकारांनी मान्य केलेल्या खासगी निवाडा करणाऱ्याकडे (लवादाकडे) न्यायचा, त्यामुळे प्रकरण एकट्या लवादासमोर सुरू झालं. ठिकाण पुणे. विकासकाचं म्हणणं, तेवढं काम झालंच नाही आणि झालं तेही निकृष्ट आहे. मोजमापांवर सह्या प्रकल्पाच्या आर्किटेक्टच्या आहेत, पण ते आता बंगळूरूला राहतात. लवादांनी त्यांना दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला ‘वेळ नाही’ एवढंच आलं. ठेकेदार विचारतात: लवाद वॉरंट काढू शकतात का? नसतील तर मी थेट कोर्टात जाऊ का? सिमेंटची आवक-जावक आणि क्यूब टेस्टची (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीची) रजिस्टरं विकासकाच्या साइट ऑफिसात पडून आहेत, ती कशी मिळवायची? आणि पैसे कधी आले हे दाखवायला बँक मॅनेजरला साक्षीला बोलवावं लागेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. लवाद साक्षीदाराचं ऐकू शकतात, त्याला शपथ देऊ शकतात (शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे कायद्याने किंवा पक्षकारांच्या संमतीने पुरावा घेणाऱ्या कोणालाही तो अधिकार आहे), त्याच्या जबाबाला किती वजन द्यायचं हेही तेच ठरवतात. पण न येणाऱ्याला ओढून आणायचं बळ त्यांच्याकडे नाही. कारण सरळ आहे. लवादाचा अधिकार तुमच्या आणि विकासकाच्या करारातून येतो, आणि त्या करारावर आर्किटेक्टची सही नाही. जो तिसरा माणूस या व्यवस्थेत स्वतःहून आलेला नाही, त्याच्यावर सक्ती करायची तर कोर्टच लागतं. १९४० च्या जुन्या कायद्यातही हेच होतं. १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्यात त्यासाठी कलम २७ आहे. तेव्हा लवादांनी पाठवलेल्या त्या दोन पत्रांना समन्स म्हणू नका. ती विनंतीपत्रं आहेत. मात्र ती जपून ठेवा, पोचपावतीसकट. पुढे कोर्टात ती उपयोगी पडतील.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही नाही. थेट कोर्टात गेलात तर अर्ज फेटाळला जाईल. कलम २७ खाली एकतर लवाद स्वतः कोर्टाकडे मदत मागतात, किंवा पक्षकार मागतो, पण लवादांची परवानगी घेऊनच. ही परवानगी म्हणजे रबरी शिक्का नव्हे. हा साक्षीदार खरंच हवा आहे का, त्याच्या सांगण्याचा वादाशी संबंध आहे का, याचा विचार लवादांनी करायचा असतो, आणि कोर्ट तो विचार पुन्हा नव्याने करत बसत नाही. पुरावा संबद्ध आहे की नाही आणि त्याचं वजन किती, हे कलम १९ प्रमाणे लवादांच्या हातात आहे. म्हणून खरी लढाई परवानगीच्या अर्जावर होते. कोर्टातला टप्पा त्यामानाने सोपा आहे. बहुतेक जण मात्र उलट करतात. लवादांसमोर अर्ज चार ओळींत उरकायचा आणि कोर्टात वीस पानं युक्तिवाद करायचा.

माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात हे झालं आहे. एका रस्त्याच्या कामाच्या प्रकरणात मी अर्जात लिहिलं होतं, ‘सदर कामासंबंधीची सर्व कागदपत्रे व संबंधित सर्व अधिकारी यांस बोलावण्यात यावे.’ लवादांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘वकीलसाहेब, यातलं कोणतं पान तुम्हाला हवंय?’ मला सांगता आलं नाही. अर्ज नामंजूर झाला. पुढच्या तारखेपर्यंत आमच्या ठेकेदाराबरोबर तीन संध्याकाळी बसून मी यादी केली. कुठल्या महिन्यातलं मोजमाप वादात आहे, ते कुठल्या मोजमाप पुस्तकात आहे, त्याचा क्रमांक काय, पान कुठलं, तपासलं कोणी. दुसरा अर्ज दीड पानाचाच झाला, पण तो त्याच बैठकीत मंजूर झाला. मधले चार महिने मात्र गेले, आणि ते त्या ठेकेदाराने बाजारातून व्याजाने पैसे उचलून काढले. ती गोष्ट मला अजून टोचते.

तुमच्या अर्जात काय असावं ते सांगतो. कलम २७(२) प्रमाणे कोर्टातल्या अर्जात पक्षकारांची आणि लवादांची नावं-पत्ते, दाव्याचं साधारण स्वरूप आणि मागणी, साक्षीदाराचं नाव-पत्ता, तो कशाबद्दल सांगणार याचं थोडक्यात कथन, आणि दस्तऐवज हवा असेल तर त्याचं वर्णन एवढं लागतंच. माझा आग्रह असा की हे सगळं लवादांसमोरच्या अर्जातच घाला. त्यात आणखी दोन ओळी टाका: हा मुद्दा दुसऱ्या कोणत्या पुराव्याने का सिद्ध होत नाही, आणि साक्षीदाराला आधी विनंती करून काय उत्तर आलं. तुमच्या बाबतीत मजकूर असा होईल: ‘आरए बिल क्रमांक अमुक व अमुक यांतील मोजमापे साक्षीदाराने प्रत्यक्ष जागेवर घेतली व त्यांवर सही केली. ही मोजमापे सामनेवाला नाकारतो. सही साक्षीदाराची आहे व मोजमाप प्रत्यक्ष घेतले गेले, एवढ्या दोन मुद्द्यांवर त्याची साक्ष आवश्यक आहे.’ दोन मुद्द्यांसाठी एक साक्षीदार मागणाऱ्याला लवाद सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि हे सगळं करण्याआधी त्या आर्किटेक्टना एकदा स्वतः फोन करा. दमदाटीसाठी नाही, कारण समजून घ्यायला. त्या विकासकाची इतर कामंही त्यांच्याकडे असतील तर तुमच्या बाजूने आपणहून उभं राहणं त्यांना परवडणार नाही. अशी माणसं पुष्कळदा मनातून खरं सांगायला तयार असतात, फक्त ‘कोर्टाचं समन्स आलं, इलाज नव्हता’ असं म्हणण्यापुरती आड त्यांना हवी असते. माझ्या अनुभवात इंजिनिअर, सीए, डॉक्टर यांच्या बाबतीत हे निम्म्याहून अधिक वेळा खरं निघालं आहे. मात्र फोनवर त्यांना उत्तरं पढवायला जाऊ नका. उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो: ‘आज इथे येण्याआधी अर्जदारांशी तुमचं बोलणं झालं होतं का?’ साक्षीदाराने मोकळेपणाने ‘हो, येणार का असं विचारलं होतं’ म्हटलं तर त्यात काही बिघडत नाही. तो अडखळला की बिघडतं.

परवानगीचा आदेश हातात आला की कोर्ट. कोणतं? लवादाचं ठिकाण पुणे ठरलेलं आहे, म्हणून पुण्याचं. मुंबई ठिकाण असतं तर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडे जावं लागलं असतं. जिल्ह्यात प्रमुख दिवाणी न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालय. बांधकामाचा करार हा व्यावसायिक वाद धरला जातो, त्यामुळे ठरावीक रकमेच्या वर, म्हणजे २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपये आणि त्यापुढे, प्रकरण वाणिज्यिक न्यायालयाकडे जातं. अर्जासोबत लवादांच्या आदेशाची प्रत, तुमचा परवानगीचा अर्ज, कराराची प्रत आणि ती दोन विनंतीपत्रं जोडा. लवादांची पुढची तारीख आधीच घेऊन ठेवा, म्हणजे कोर्टाला समन्समध्ये नेमकी तारीख, वेळ आणि बैठकीचं ठिकाण लिहिता येतं. कोर्ट साक्ष स्वतः घेत नाही. ‘लवादांसमोर जाऊन सांगा’ असा आदेश देतं.

आता बंगळूरूचं. दिवाणी दाव्यात साक्षीदारासाठी कोर्टाचे जे हुकूम निघतात (कायद्यात ‘प्रोसेस’) तेच इथे निघतात, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६ लागू होतो. त्यातल्या नियम १९ प्रमाणे कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला जातीने हजर राहायला लावायचं तर अंतर १०० किलोमीटरच्या आत हवं, किंवा बहुतांश वाट रेल्वेने वा सार्वजनिक वाहनाने होत असेल तर ५०० च्या आत. पुणे-बंगळूरू अंतर त्याहून कितीतरी जास्त आहे. पण त्याच नियमाला जोड आहे: दोन्ही ठिकाणी विमानाची सोय असेल आणि साक्षीदाराला विमानभाडं दिलं, तर त्याला जातीने यायला सांगता येतं. म्हणून अर्जातच लिहा, की विमानभाडं आणि भत्ता आम्ही आगाऊ भरायला तयार आहोत. कोर्टात पैसे जमा केल्याशिवाय समन्स निघत नाही, हे पुष्कळांना तारखेच्या आदल्या दिवशी कळतं. साक्षीदाराला पुण्याला आणणं टाळायचं असेल तर दोन पर्याय आहेत. एक, कमिशन, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस साक्षीदाराकडे जाऊन साक्ष नोंदवतो: कलम २७ मधल्या ‘प्रोसेस’मध्ये साक्षीसाठी कमिशनही येतं. दुसरा, व्हिडिओवर साक्ष. लवादांची आणि समोरच्या पक्षाची त्याला हरकत नसेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग. फक्त मूळ मोजमापाची पानं साक्षीदारासमोर असायला हवीत, नाहीतर सही ओळखण्याच्या वेळी घोळ होतो. बजावणी बेलिफावर (कोर्टाच्या बजावणी कर्मचाऱ्यावर) सोडू नका. ‘दस्ती’ मागा, म्हणजे समन्स तुमच्या हातात मिळतं आणि तुम्ही स्वतः बजावून तसं शपथपत्र देऊ शकता.

समन्स बजावूनही ते आले नाहीत तर? मग लवादांनी कोर्टाला तसं कळवायचं, आणि कोर्ट दाव्यातल्या गैरहजर साक्षीदाराला जी कारवाई लागू होते तीच करतं. वॉरंट, मालमत्तेची जप्ती, संहितेच्या कलम ३२ खाली ५ हजार रुपयांपर्यंत दंड. प्रत्यक्षात वॉरंटपर्यंत फार थोडी प्रकरणं जातात. कोर्टाचा शिक्का असलेला कागद दारात आला की माणूस येतो. लवाद कायद्याच्या कलम २७ च्याच पोटकलम (५) मध्ये लवादांच्या अवमानाचीही सोय आहे. लवादांचा अंतरिम आदेश मोडला तरी ते कोर्टाला कळवून कारवाई करवून घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अलका चांदेवार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून सांगितलं. तेव्हा विकासकाला ‘रजिस्टरं नष्ट करू नका’ असा आदेश झाला आणि तो मोडला, तर तुम्ही हात बांधून बसलेले नाही.

त्या रजिस्टरांकडे येतो, कारण तुमचं प्रकरण माझ्या मते आर्किटेक्टपेक्षा त्यांवर जास्त उभं आहे. ती विकासकाच्या ताब्यात आहेत, आणि विकासक पक्षकार आहे. आधी लवादांकडूनच हजर करण्याचा आदेश मागा. एक तक्ता करा: पहिल्या रकान्यात दस्तऐवज, दुसऱ्यात तो कशासाठी हवा, तिसऱ्यात समोरच्याची हरकत, चौथा लवादांच्या निर्णयासाठी मोकळा. आंतरराष्ट्रीय लवादात याला रेडफर्न शेड्यूल म्हणतात. आपल्याकडेही निवृत्त न्यायमूर्ती लवाद असले की त्यांना ही पद्धत आवडते, कारण सगळा वाद एका पानावर दिसतो. आदेश होऊनही विकासकाने रजिस्टर आणलं नाही, तर दोन वाटा आहेत. लवाद त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतात, की रजिस्टर आणलं असतं तर ते त्याच्याच विरुद्ध गेलं असतं. आणि कलम २५(क) प्रमाणे समोर आहे त्या पुराव्यावर निवाडा देऊ शकतात. निष्कर्ष पुरेसा वाटत नसेल तर पक्षकाराविरुद्धही कलम २७ वापरता येतं. ‘पक्षकार म्हणजे साक्षीदार नव्हे, त्याच्यावर हे कलम चालत नाही’ हा बचाव पूर्वी हमखास घेतला जायचा. डेल्टा डिस्टिलरीज विरुद्ध युनायटेड स्पिरिट्स या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, विक्रीकर आकारणीच्या आदेशांच्या प्रतींवरून वाद होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाली काढला. कलमातल्या ‘कोणतीही व्यक्ती’मध्ये पक्षकारही येतो.

एक सूचना: रजिस्टर मागताना ते लिहिणाऱ्या माणसाचं नावही शोधा. एका प्रकरणात गेटवरचं आवक रजिस्टर आलं, पण समोरच्यांनी म्हटलं, हे आमचं नव्हेच. मग आम्ही स्टोअरकीपरला समन्स काढलं. साधा मुलगा, वीस-बावीस हजारांची नोकरी, मालक समोर बसलेला. त्याने पहिली दहा मिनिटं मान वर केली नाही. मी त्याला कामाबद्दल काहीच विचारलं नाही. रजिस्टर पुढे ठेवलं आणि एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेले आकडे दाखवले. म्हणालो, हे काय आहे? तो म्हणाला, ‘ट्रकवाल्याला चहाचे पैसे दिले होते साहेब, ते मी लिहून ठेवलेत, नंतर ऑफिसातून परत घ्यायला.’ रजिस्टर कुणाचं, हा प्रश्न तिथेच संपला. समन्सवर आलेल्या साक्षीदाराचं सरतपासाचं (त्याला बोलावणाऱ्या बाजूने घ्यायच्या साक्षीचं) शपथपत्र तुम्हाला आधी दाखल करता येत नाही, कारण तो तुमच्या वकिलाकडे बसून ते करणार नाही. त्याचा सरतपास बैठकीतच तोंडी होतो, आणि सरतपासात सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न चालत नाहीत. म्हणून कागदाच्या आधाराने, छोट्या प्रश्नांनी पुढे जायचं. प्रश्न दहाच्या वर नकोत.

कोणाकडून फक्त कागद हवा असेल, तोंडी साक्ष नको असेल, तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. दस्तऐवज हजर करण्यापुरतं समन्स असेल तर तो माणूस कागद दुसऱ्याच्या हातीही पाठवू शकतो. सरकारी खात्याकडून हवं असेल तर समन्स पदनामाने काढा, ‘कार्यकारी अभियंता, अमुक विभाग’. माणसाच्या नावाने काढलं आणि त्याची बदली झालेली असली की दोन तारखा जातात. त्याला स्वतःला माहीत असलेलं सांगायचं असेल तेव्हाच नाव घाला. खरं तर सरकारी कागदांसाठी आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, आणि प्रमाणित प्रत मिळाली की समन्सची गरजच उरत नाही.

बँक मॅनेजरला बोलवायची गरज नाही, कृपा करून बोलवूही नका. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत हाच पुरावा असतो. त्या कायद्यात ‘कायदेशीर कार्यवाही’च्या व्याख्येत लवादही आहे. बँक स्वतः पक्षकार नसेल तर तिच्या अधिकाऱ्याला खास कारणासाठी आदेश झाल्याशिवाय बोलावताच येत नाही. तुमच्याच खात्याचा उतारा आहे. शाखेत जा, त्या कायद्याप्रमाणे दाखला लावून, सही-शिक्क्यानिशी मागा. नुसती ॲपवरून काढलेली प्रिंट नको. व्हॉट्सॲपवरच्या ‘काम बघितलं, पुढचा स्लॅब टाका’ अशा मेसेजचंही तसंच. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधलं प्रमाणपत्र लावून ते दाखल करा आणि तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. लवाद साक्ष कायद्याने बांधलेले नाहीत हे खरं. पण प्रमाणपत्र नसेल तर समोरचे तासभर त्यावरच बोलतात.

निकृष्ट कामाच्या आरोपाला साक्षीदार आणून उत्तर देऊ नका. जागा बघायला लावा. कलम १७ खाली लवाद मालमत्तेच्या तपासणीचा आदेश देऊ शकतात, कलम २६ खाली स्वतः तज्ज्ञ नेमू शकतात. कॉलमचा कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना) काढून प्रयोगशाळेत दिला की जे कळतं ते दहा साक्षीदार सांगू शकत नाहीत. हे लवकर करा. प्लास्टर, रंग, रहिवासी आत आले की कोअर काढणं अवघड होत जातं.

आणि मुदत. कलम २९अ प्रमाणे लेखी कैफियती पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा व्हायला हवा. दोघांच्या संमतीने आणखी ६ महिने मिळतात, पुढे कोर्टाकडेच जावं लागतं. साक्षीदाराच्या समन्ससाठी कोर्टात गेलेले महिने यातून आपोआप वजा होत नाहीत. म्हणून साक्षीदारांची यादी वादमुद्दे ठरतानाच द्या, साक्ष सुरू झाल्यावर नाही. उशिरा आलेला अर्ज वेळकाढूपणा वाटतो, मग तो कितीही खरा असो.

लवादांनी परवानगीच नाकारली तर? त्या आदेशाविरुद्ध लगेच अपील नाही. कलम ३७ च्या यादीत तो बसत नाही, आणि अशा मधल्या आदेशांविरुद्ध रिटमध्ये, म्हणजे घटनेखालच्या अर्जाने उच्च न्यायालयात, जाण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ पासून पायबंद घातला आहे. मग निवाडा झाल्यावर कलम ३४ खाली ‘मला माझी बाजू मांडू दिली नाही’ असं म्हणता येतं. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लवादांच्या दप्तरावरूनच दाखवावं लागतं. तेव्हा तुमची मागणी तोंडी राहू देऊ नका. लेखी अर्ज द्या, त्यावर लेखी आदेश मागा. लवाद म्हणाले, ‘बघू पुढे’, तर नम्रपणे विनंती करा की एवढं तरी आजच्या रोजनाम्यात यावं. आणि ती ओळ उतरलेली स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय बैठकीतून उठू नका.